कडूबाची सरकती लेन्स

कडूबा माझ्यापेक्षा थोडा लहान. त्याच्याबद्दल मी काही लिहावं असं त्याला वाटत नाही, आणि मला ते जमेल असं मलाही वाटत नाही. पण त्याची मुलगी तनुजा म्हणाली, "काका, तुम्हीच लिहा. तुम्ही तिथं होतात." तेवढं खरं आहे. मी तिथं होतो.

क्रांती चौकाजवळ नानासाहेबांचं ऑफिस होतं. नानासाहेब आर्किटेक्ट, आणि मी त्यांच्याकडे ड्राफ्ट्समन. दिवसभर टेबलावर वाकून रेघा ओढायच्या, हे माझं काम. इमारत बांधून पुरी झाली की तिचे फोटो काढून ऑफिसच्या अल्बमला लावायचे अशी नानासाहेबांची पद्धत होती, आणि ते फोटो काढायला कडूबा यायचा. अंगानं किडकिडीत, खांद्यावर तिपाई, गळ्यात कॅमेरा, पायात कायम गावाकडच्या चपला.

तो पैठण रस्त्यावरच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याच्या घरातला. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं ह्याचं नाव मुद्दाम कडू ठेवलं, कोणाची दृष्ट लागू नये म्हणून. शिकायला शहरात आला आणि गुलमंडीवरच्या एका स्टुडिओत लागला. पण तिथं त्याचा जीव रमला नाही. माणसांचे फोटो काढायचे म्हणजे डोक्याला ताप, असं तो सांगायचा. नाक मोठं आलं, रंग काळा आला, म्हातारा दिसतो, हजार तक्रारी. "भिंत कधी म्हणत नाय, माझं नाक बदला म्हणून," असं म्हणून तो इमारतींकडे वळला, तो कायमचाच.

इमारतीची तक्रार नसली तरी नानासाहेबांची असायची. उंच इमारत फोटोत बसवायची तर कॅमेरा वर करावा लागतो, आणि कॅमेरा वर केला की भिंती आत झुकतात. खाली रुंद, वर निमुळतं. नानासाहेब फोटो टेबलावर टाकून म्हणायचे, "कडूबा, मी हॉस्पिटल बांधलंय का तंबू ठोकलाय?" कडूबा मान खाली घालून उभा राहायचा. त्याचा दोष नव्हता. लांब जावं तर मधे झाडं नि तारा, समोरच्या घराच्या गच्चीवर चढावं तर मालक चढू देईना.

मग एकदा नानासाहेब सिंगापूरला गेले आणि येताना ती लेन्स घेऊन आले. दुकानात तिला पीसी लेन्स म्हणतात, आम्ही सरकती लेन्स म्हणायचो. दिसायला साधीच, बाजूला एक छोटी फिरकी. ती फिरवली की लेन्सचा पुढचा भाग कॅमेऱ्यासमोरून वर सरकतो. कॅमेरा मात्र जागचा हलत नाही. तो ओळंब्यात सरळ उभा राहतो, आणि इमारतीचा माथा हळूहळू चौकटीत उतरत येतो. भिंती सरळच्या सरळ. मी आयुष्यभर ड्रॉइंगमधे जशा भिंती काढल्या तशा भिंती मला त्या दिवशी पहिल्यांदा कॅमेऱ्याच्या काचेत दिसल्या. कडूबानं मला कॅमेऱ्याला डोळा लावायला दिला होता. मी फिरकी वर-खाली, वर-खाली करत राहिलो. तो म्हणाला, "पंत, पुरे. चाळा करू नका."

पहिला रोल पूर्ण वाया गेला. कारण त्याला नंतर कळलं. लेन्स सरकवल्यावर कॅमेऱ्यातला उजेडाचा काटा खोटं बोलायला लागतो. म्हणून आधी लेन्स मधोमध ठेवायची, काट्यावर उजेड बघून घ्यायचा, आकडे लावायचे, आणि मग लेन्स सरकवायची. त्यानंतर काटा काही म्हणो, तिकडे बघायचं नाही. "आधी उजेड, मग सरक," असं तो स्वतःशी पुटपुटत काम करायचा. देवाचं नाव घ्यावं तसं.

दुसरी गोष्ट तो शहराच्या जुन्या मकाई दरवाजाशी शिकला. आमचं काम नव्हतं ते, हौसेनं गेलो होतो. त्यानं दरवाजा अगदी काटकोनात सरळ केला, आणि फोटोत तो दरवाजा वरून फुगल्यासारखा, आता आपल्या अंगावर येतो की काय असा दिसायला लागला. तेव्हापासून कडूबा केसभर झुकाव ठेवायचा. माणसाच्या डोळ्याला थोडी सवय असते म्हणे. त्या वेळी दरवाजासमोरच्या खाम नदीच्या पुलावर उन्हं उतरताना तिपाई लावून आम्ही दोघं तासन्‌तास उभे राहायचो. सायकलवाले घंटी वाजवत बाजूनं जायचे, कोणी थांबून "क्या नाप रहे भाई?" विचारायचे. आता तिथं उभं राहता येत नाही, वाहनांची एवढी गर्दी असते. मी मधे एकदा गेलो होतो, लगेच परतलो.

मनकर्णावहिनी ह्यात कशा आल्या ते सांगायचं राहिलं.

नानासाहेबांचं म्हणणं असायचं की फोटोत माणूस हवा, त्याशिवाय खांब केवढा, दार केवढं ते कळत नाही. रस्त्यावरचा माणूस उभा केला तर तो कॅमेऱ्याकडे बघून दात काढायचा, भोवती पोरं जमायची. म्हणून कडूबा आपल्या बायकोला आणायला लागला. मनकर्णावहिनी अंगानं बेताच्या, बरोबर पाच फुटाच्या. पुढं पुढं आम्ही ऑफिसात त्यांच्या उंचीवरून कठड्याची उंची सांगायचो. काळा दगड असला की कडूबा त्यांना फिकं पातळ नेसायला सांगायचा, पांढरी भिंत असली की गडद. आणि एकच नियम होता. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. फोटोतलं माणूस आपल्याकडे बघायला लागलं की आपण त्या माणसाकडे बघतो, इमारत राहून जाते. म्हणून सगळी तयारी झाली की कडूबा हात करायचा आणि म्हणायचा, "तोंड तिकडं." वहिनी भिंतीकडे तोंड करायच्या. खटका वाजायचा.

उस्मानपुऱ्यात एका वसतिगृहाची इमारत झाली होती. दुपारचं ऊन, आवारात खडीचे ढीग तसेच पडलेले. वहिनी खांबाशी उभ्या, एका हातात डब्याची पिशवी. ती खाली ठेव म्हटलं तर म्हणाल्या, कुत्रं येईल. कडूबा पाणसळीतला बुडबुडा बघून तिपाईचे पाय खालीवर करत होता, काही केल्या त्याच्या मनासारखं होईना. मी लाजून उगीच इकडे तिकडे बघत होतो. वहिनी मला म्हणाल्या, "पंतभावजी, तुमच्या हापिसात मला काय म्हणतात ठावं हाय मला. फूटपट्टी."

कोणी म्हणत होतं हे खरं होतं.

कडूबा कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाला, "फूटपट्टी बोलत नसती."

"मग उद्यापास्नं फूटपट्टीलाच भाकरी थापायला सांगा," वहिनी म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे बघून, "लगीन माझ्याशी लावलं अन्‌ संसार भिंतीशी. आमचं दोघांचं तोंड भिंतीकडं, भावजी."

कडूबा हसला असावा, त्याचे खांदे हलले. मग त्यानं हात केला, वहिनींनी तोंड फिरवलं, काम झालं. खडीवर बसून आम्ही भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. असे किती दिवस गेले ते आता मोजता येणार नाही. पैठणला धरणावरच्या विश्रामगृहाला गेलो तेव्हा एसटीत तिघं एका बाकावर बसलो होतो, तनुजा आईच्या मांडीवर.

पुढं डिजिटल आलं. नानासाहेब वारले, ऑफिस बंद झालं. जाण्याआधी त्यांनी लेन्स कडूबालाच देऊन टाकली होती. फोटो आता कॉम्प्युटरवर सरळ करता येतात, फिरकीची कोणाला गरज उरली नाही. कडूबा मात्र अधूनमधून एखादा रोल पुण्याहून मागवायचा आणि सकाळी दोघं नवराबायको भडकल दरवाजाकडे जायचे. वहिनींचे गुडघे दुखायला लागले तेव्हा तेही थांबलं.

मागच्या वर्षी वहिनी गेल्या. फार आजारी नव्हत्या, चार दिवसांचा ताप.

दहाव्याच्या आधी भिंतीला लावायला फोटो हवा म्हणून शोधाशोध झाली, आणि घरात वहिनींचा फोटोच नाही असं निघालं. मला ते ऐकून आधी खरं वाटेना. लग्न दुष्काळाच्या वर्षी झालेलं, तेव्हा कोण फोटो काढतो. आधार कार्डावरचा होता, तो बघून त्यांच्या सख्ख्या बहिणीनं, रूपाबाईंनी, विचारलं की ही कोण. तनुजाच्या मोबाईलमधे बरेच होते. तिनं मला ते एकेक करून दाखवले. नातवाचा वाढदिवस, तुळशीचं लग्न, पैठणची सहल. प्रत्येकात वहिनी होत्या आणि प्रत्येकात त्यांनी तोंड फिरवलेलं होतं. कुठं भिंतीकडे, कुठं खिडकीकडे. मुलीनं समोर मोबाईल धरला की मान आपोआप वळायची. इतक्या वर्षांची सवय, ती काही मोबाईल आला म्हणून जाते थोडीच.

तनुजा म्हणाली, "आई नको म्हणायची असं नाही काका. तिला कळायचंच नाही की ती वळलीये."

कडूबा बाजूला बसला होता. दहावं, तेरावं फोटोशिवाय झालं, पाटावर सुपारी ठेवून.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा तो माझ्याकडे आला. मागं ट्रंक घेतलेला रिक्षावाला. ट्रंकेत सगळ्या निगेटिव्ह, सहा सहाच्या पट्ट्या कापून कागदाच्या पाकिटात घातलेल्या. माझ्याकडे जुनं ट्रेसिंगचं टेबल आहे, खाली दिवा आणि वर दुधी काच. त्यावर बघू म्हणाला. त्याच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसरा राहिलेला.

"पंत," तो म्हणाला, "तिचं समोरून बघतानाचं एक तरी असंल. एक पाहिजे मला. नायतर मी तिला भिंतीवर पाठमोरी लावू का?"

मी बरं म्हणालो. त्याला नाही म्हणणं मला कधी जमलंच नसतं.

रोज सकाळी दहाच्या सुमाराला तो यायचा, आम्ही बसायचो. निगेटिव्हमधे सगळं उलटं असतं, आकाश काळं आणि सावली पांढरी. थोड्या वेळानं डोळे सरावले. खांबाशी करंगळीच्या नखाएवढी बाई दिसली की तिच्या डोक्याकडे भिंग न्यायचं. तिथं पांढरा ठिपका असला तर ते केस, म्हणजे अंबाडा, म्हणजे पाठ. चेहरा असता तर काळा ठिपका दिसला असता. पाकिटामागून पाकिटं गेली आणि सगळीकडे पांढरा ठिपका. शहरातल्या निम्म्या इमारती त्या टेबलावरून गेल्या. वसतिगृह, दोन दवाखाने, एक जिनिंगची कचेरी, शाळा. मी काढलेल्या कितीतरी भिंती मला पुन्हा दिसल्या. त्यातल्या काही आता उभ्या नाहीत.

ट्रंकेचा तळ दिसायला लागला. शेवटच्या पाकिटाच्या दिवशी तनुजा आली होती. ती आमच्यासाठी चहा घेऊन टेबलाशी उभी राहिली, आणि एका पट्टीवर बोट ठेवून म्हणाली, "हा का सोडला?"

"ते वाया गेलेलं आहे," कडूबा म्हणाला. मीही मान हलवली.

"वाया म्हणजे?"

मी तिला समजावलं. लेन्स मधोमध असताना तुझे आबा उजेड बघायचे. ह्या कॅमेऱ्याचं बटण अर्धं दाबलं की काटा हलतो. कधीतरी बोट जरा जास्त दाबलं जायचं आणि लेन्स सरकवण्याआधीच खटका पडायचा. मग इमारतीचं डोकं उडालेलं, खालची निम्मी चौकट नुसती जमीन. असे फोटो कामाचे नसतात. ते बघताक्षणी कळतात आणि डोळा पुढं जातो.

"पण आई आहे त्यात," तनुजा म्हणाली.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. इतके दिवस आम्ही फक्त नीट आलेले फोटो बघत होतो. नीट आलेल्या फोटोत वहिनींची पाठ असणार हे तर ठरलेलंच होतं, तो कडूबाचाच नियम. मी भिंग ठेवलं. डोकं उडालेल्या वसतिगृहाच्या खांबाशी, चौकटीच्या बरोबर मधे, वहिनी पिशवी धरून उभ्या होत्या. आणि त्यांच्या डोक्याच्या जागी खसखशीएवढा काळा ठिपका होता.

मी भिंग कडूबाला दिलं. त्यानं बराच वेळ वाकून बघितलं. मग ट्रंकेतली आधीची पाकिटं काढायला सांगितली. आम्ही फक्त वाया गेलेले फोटो शोधले. फार नव्हते, पण होते. प्रत्येकात काळा ठिपका. दवाखान्यासमोर, शाळेच्या पायरीवर, धरणावर. एकात तनुजा कडेवर होती.

माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही, कडूबाच्या आलं. "तोंड तिकडं" म्हणेपर्यंत त्या भिंतीकडे वळायच्या नाहीत. तोवर त्या वाट बघत उभ्या असायच्या, तो कधी हात करतो म्हणून.

"माझ्याकडं बघत असायची ती," कडूबा म्हणाला. "रोज. अन्‌ मी काट्याकडं बघत होतो, पंत."

तनुजानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी कप उचलून आत गेलो.

त्यानं वसतिगृहाचाच निवडला. क्रांती चौकातल्या एका स्टुडिओत आम्ही निगेटिव्ह घेऊन गेलो. तिथल्या मुलीनं आदरानं वागवलं, खुर्च्या दिल्या. चेहरा तेवढा मोठा करून द्या, असं तनुजानं सांगितलं होतं. तो पडद्यावर मोठा केला तर रवा सांडल्यासारखे दाणे दिसायला लागले. लांबून वहिनी होत्या, जवळ गेलं की विरघळत होत्या. मग त्या मुलीनं कॉम्प्युटरकडून तो साफ करून घेतला. डोळे, भुवया, ओठ, सगळं स्वच्छ. छान बाई होती. कडूबानं चष्मा पुसला, पुन्हा बघितलं, आणि विचारलं, "ही कोण?"

मुलीनं आणखी दोनदा करून बघितलं. दर वेळी वेगळी बाई.

शेवटी कडूबा म्हणाला, पूर्ण फोटो काढा, आहे तसा. बारा इंची. डोकं उडालेली इमारत, खडी, मोकळी जमीन, आणि मधे बोटाएवढ्या वहिनी. तनुजा म्हणाली, "आबा, भिंतीवर लावल्यावर आई दिसायची नाही." तो म्हणाला, "जवळ जायचं. दिसती." असला फोटो त्यानं नानासाहेबांच्या टेबलावर ठेवायची हिंमत केली नसती. माझ्या मनात ते आलं. तोच म्हणाला, "बिल्डिंग गेली, जाऊ द्या."

वर्षश्राद्धाला मी सकाळीच गेलो. उस्मानपुऱ्यातल्या त्याच्या घरी पुढच्या खोलीत पाटावर फोटो ठेवला होता, तगरीचा हार घातलेला. जेवायची मंडळी अजून यायची होती. रूपाबाई पैठणहून आल्या होत्या. त्या फोटोसमोर बसल्या, चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"दाजी," त्या म्हणाल्या, "बाई हुडकावी लागती व्हय ह्यात. लोक म्हणतील कॉलेजाचं श्राद्ध घातलं."

कडूबा नुसता म्हणाला, "जवळ ये."

रूपाबाई सरकल्या, तोंड काचेपर्यंत नेलं. पदराचं टोक त्यांनी डोळ्याला लावलं आणि तशाच बसून राहिल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "रागावलीये लबाड. ऊन लागतंय तिला."

वहिनी सवाष्ण गेल्या, म्हणून फोटोला हळदकुंकू लावायचं. तनुजानं करंडा उघडला, बोट कुंकवात बुडवलं आणि काचेपाशी नेलं, आणि थांबली. फोटोतला चेहरा तुरीच्या दाण्याएवढा. बोट टेकलं असतं तर कुंकवाखाली आख्खा चेहरा गेला असता. तिनं रूपाबाईंकडे बघितलं. रूपाबाई म्हणाल्या, चौकटीला लाव, चालतं. दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, काडीनं लाव. तनुजाचं बोट तसंच हवेत.

कडूबा उठला आणि आतल्या खोलीत गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एक बारीक ब्रश होता, चारपाच केसांचा. फोटोवर धुळीचे पांढरे डाग राहिले की ते ज्या ब्रशनं भरतात, तो. तो पाटासमोर बसला. त्याचा हात अलीकडे कापतो. त्यानं मनगट फोटोच्या लाकडी चौकटीवर टेकवलं, दुसऱ्या हातानं ते धरलं, ब्रशचं टोक कुंकवात बुडवून करंड्याच्या काठावर निथळलं. त्यानं श्वास धरला आणि काचेवर, कपाळाच्या जागी, टिंब ठेवलं.

मग चष्मा वर करून तो आणखी जवळ वाकला. बाहेर मंडळी यायला लागली होती, दारात चपला निघत होत्या, कोणीतरी आत यायला जागा मागत होतं. तनुजा म्हणाली, "आबा, उठा, लोक आलेत." कडूबानं न बघताच हात मागं करून तिला थांब म्हटलं, आणि तसाच बघत राहिला.